सरंगाचं दार

लालबाग, ८ फेब्रुवारी २०२४

मयूर,

काल तुझ्या कंपनीची मुलगी येऊन गेली. श्रेया तिचं नाव. जाहिरातीचं काम बघते म्हणाली. तीन जिने चढून दमली होती, म्हणून आधी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, "काकू, मयूर सरांनीच तुमचा पत्ता दिला." नऊ वर्षांनी तुला या पत्त्याची आठवण झाली हे ऐकलं आणि मी पुन्हा पाणी आणायला आत गेले. तिला पाणी नको होतं.

फोन करत नाही, कारण फोनवरचं आपलं ठरून गेलंय. दिवाळीला तू विचारतोस, बरी आहेस ना. मी सांगते, बरी आहे. मग सूनबाई फोन घेते आणि मुंबईत उकडतंय का ते विचारते. घरचा पत्ता तू कधी दिला नाहीस, तेव्हा हे चाकणच्या ऑफिसात धाडते आहे.

तर कंपनी आपली सरंगा गाडी पुन्हा काढते आहे. विजेवर चालणारी. दसऱ्याला. पोरगी विचारत होती, "तुम्हाला सरांगा माहीत असेल ना?" म्हटलं, या मजल्यावरच्या मांजरांनासुद्धा माहीत आहे, आणि सरांगा नव्हे, सरंगा. तो मासा आहे. मालक दाजीसाहेब मालवणचे, गाडी गोल नि चपटी झाली म्हणून त्यांनी सरळ माशाचं नाव ठेवलं, पुढे पितळेचा मासा लावला, आणि पुण्याच्या लोकांनी वर्षभर हसून शेवटी तीच गाडी घेतली. तिने हे सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. माशाचं मात्र तिला पटलं नाही बहुतेक.

तिला बाबांचं दार बघायचं होतं. गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपापलीकडे, अजून तिथेच आहे. पोचा आलेली एक बॉडी दाजीसाहेबांनी गेटपास करून बाबांना देऊन टाकली होती, त्यातलं पुढचं डावं दार चौकटीसकट कापून बाबांनी कॉटन ग्रीनच्या फॅक्टरीतून हातगाडीवर आणलं, तेव्हा तू दहा वर्षांचा होतास आणि मागून ढकलत होतास. चाळीत म्हणायचे, दौलत परबाने गाडी घेतली, पण हप्त्याहप्त्याने आणतोय, पहिला हप्ता दार. त्याच दारावर बाबांनी तुला दार बसवायला शिकवलं.

श्रेयाने दार उघडून लावलं. खडखडलं. "असाच आवाज होता?" मी म्हटलं, नाही गं, हे उतरलंय. बसवायला हवं. "कोण बसवेल?" म्हटलं, येणारा एकच माणूस उरलाय, तुमचे मयूर सर. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

त्यांना दार नको आहे. फक्त आवाज हवा आहे. माइक लावून घेऊन जाणार. तो नव्या गाडीत येणार म्हणाली.

मला बरं वाटलं, मयूर. खरं सांगते. तुमच्या दार खात्यात एक नमुना दार असायचं ना भिंतीशी? नवं दार बसवलं की आधी नमुना लावायचा, मग नवं लावायचं, दोन्ही आवाज एक झाले की पुढे सोडायचं. मला वाटलं, या लोकांना उशिरा का होईना नमुना हवासा झाला. अठरा वर्षांत त्या कंपनीबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

तिला मी एकच अट घातली. दार तू येऊन बसवायचंस. मग हवा तेवढा आवाज न्या.

आई


लालबाग, ३ मार्च २०२४

मयूर,

तू आला नाहीस, कागद आला. दाराच्या आवाजाचा हक्क मी कंपनीला कायमचा देते, असा मजकूर. कोणाकडून तरी मराठी करून घेतलंय, वाचताना दाताखाली खडे येतात. "सदर ध्वनी". बाबांच्या दाराला कोणी सदर ध्वनी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

खाली कंपनीतर्फे तुझी सही आहे. मोठा प आणि शेवटी खाली ओढलेली रेघ. ती रेघ मी याआधी एकदाच पाहिली होती. बाबांनी खिशातून कागदाची घडी काढून ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. एक दार बसवायला बावीस मिनिटं लागतात ती सहावर आणता येतील. कागदाच्या पट्टीची चाचणी अनावश्यक आहे. मयूर दौलत परब, गुणवत्ता विभाग.

तीन दिवस तू घड्याळ घेऊन त्यांच्यासमोर उभा होतास हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तुला हौसेने दाखवलं होतं सगळं. त्यांना वाटलं, पोरगा काम लिहून ठेवतोय, पुढच्यांना उपयोगी पडेल.

मी रागावून लिहीत नाही. राग आता ताकासारखा पातळ झालाय. पण पट्टीला अनावश्यक म्हणालास ते मात्र मला अजून गिळता येत नाही, कारण त्या पट्टीवर मी वाचायला शिकले. तुला हे कधी नीट सांगितलं नाही. लाज वाटायची.

लग्न होऊन आले तेव्हा मला सही येत होती, बाकी अक्षर ओळखीचं नव्हतं. बाबांच्या शर्टाच्या खिशात रोज वर्तमानपत्राच्या पट्ट्या निघायच्या, बोटभर रुंदीच्या. दार आणि रबर यांच्या मध्ये पट्टी धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज सुटली तर दार ढिलं. फाटली तर आवळलेलं. कुरकुरत आली, कागदावर रबराचा खरखरीत वळ उमटला तर बरोबर. दाराभोवती सात ठिकाणी. धुण्याआधी खिसे रिकामे करताना त्या पट्ट्या मी फेकत नसे. आधी चित्र म्हणून बघायची, मग शेजारच्या मास्तरीणबाईंना एकेक अक्षर विचारलं. पण पट्टीवर पूर्ण बातमी कशी असणार? कुठे मंत्री यायचा, पुढे त्याचं काय झालं ते दुसऱ्या पट्टीवर, आणि ती दुसऱ्या कोणाच्या खिशात. कितीतरी वर्षं मला जग मधूनच सुरू होऊन मधेच संपणारं वाटायचं. मोफत वाचनालयात पहिलं पुस्तक घेतलं आणि ओळ कागदाच्या कडेपर्यंत जाते हे पाहून मी खूप वेळ पानं नुसती उलटत बसले.

कागदावर सही केलेली नाही. तू ये. रविवारी ये, सकाळचा. बांगडे आणून ठेवते.

आई


लालबाग, ३१ मार्च २०२४

मयूर,

चार रविवार झाले. पहिल्या रविवारचे बांगडे राकेशकडे दिले. राकेश म्हणजे खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला, तू त्याच्याशी कॅरम खेळायचास. आता केस पिकले, जीभ तशीच. म्हणाला, "काकी, मयूरची वाट बघता बघता माझी चरबी वाढली. त्याला सांग, नाही आलास तरी चालेल, दर रविवारी येतो म्हणून कळव फक्त."

श्रेयाचा फोन आला होता. "सर मीटिंगमध्ये असतात काकू, त्यांचं शेड्यूल खूप टाइट आहे. आम्ही दुसरा फिटर पाठवू का?" मी विचारलं, त्याने कधी सरंगाचं दार बसवलंय? ती म्हणाली, तो युट्यूबवर बघून घेईल.

राकेशने शेवटची नवी सरंगा घेतली होती, तुमची फॅक्टरी परराज्यात गेल्यानंतरची. त्याच्याकडून ऐकायला हवंस. "पावसात आतून भिजायची गं काकी. पॅसेंजर म्हणायचा, भाई, वायपर आतल्या बाजूने लाव. दार लावलं की भांड्यांचं कपाट पडावं तसा आवाज. दोनदा लावायचं, तिसऱ्यांदा देवाचं नाव घ्यायचं." चाळीतले सगळे हसले. मीही हसले. मग घरात येऊन बसले तर हसू कुठे ठेवावं कळेना.

एकदम काही झालं नाही, हेच वाईट. दाजीसाहेबांकडून नव्या कंपनीने फॅक्टरी घेतली त्या वर्षी पुढचा पितळी मासा गेला, प्लॅस्टिकचा आला. लोक म्हणाले, मासाच ना. मग जाड पत्रा गेला. मग रबर स्वस्तातलं आलं, आणि बाबा पट्टी ओढून ओढून थकायचे, सात जागांपैकी दोन तरी ढिल्या निघायच्याच. मग तुझा कागद आला आणि दार खात्यातली अकरा माणसं घरी बसली. सहा मिनिटांत दारं बसू लागली. सात वर्षांनी गाडीच बंद झाली, कारण ती कोणी घेईना. साहेब लोक पेपरात म्हणाले, ग्राहकाची आवड बदलली. ग्राहकाची आवड राकेशला विचारायची होती.

तुला गिरगाव आठवतं का? तू पाचेक वर्षांचा असशील. खोताच्या वाडीच्या तोंडाशी आपण तिघं उभे होतो. पाठीमागे गाडीचं दार लागलं. बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "आयकलंस? ह्यां माझां दार." मी म्हटलं, कशावरून? मग ते गाडीतून उतरलेल्या डॉक्टरांकडे गेले नि म्हणाले, साहेब, दाराचा आतला पुठ्ठा काढला तर खडूने द लिहिलेला सापडेल. डॉक्टर हौशी निघाले. तिथेच स्क्रू काढले. द होता. तू त्या द वर बोट फिरवलंस आणि खडू बोटाला लागला म्हणून रडलास, आता बाबांचं नाव पुसलं म्हणून.

पुढच्या रविवारपर्यंत थांबते.

आई


लालबाग, २२ एप्रिल २०२४

मयूर,

दार मी बसवलं.

तू येत नाहीस हे कळायला मला बरेच रविवार लागले, पण कळलं. मग विचार केला, आवाज तरी राहू दे. चाळ पाडायची आहे, वर्षअखेर सगळ्यांना हलायचं आहे. तेव्हा दारही जाईल. माणूस गेला, खातं गेलं, गाडी गेली. निदान नमुना जागेवर पोचलेला असावा.

राकेशला खाली पाचर धरायला लावलं. बाबांची लाकडी पाचर पलंगाखाली होती, पाने पण तिथेच. बोल्ट ढिले करायला एक सबंध सकाळ गेली. राकेश म्हणाला, "काकी, तू हे बघून बघून शिकलीस?" म्हटलं, तीस वर्षं कोणी रोज घरात पोथी वाचत असेल तर ऐकणाऱ्यालाही पाठ होते. बिजागरीमागच्या दोन पातळ पत्त्या काढल्या, एक परत घातली. पाचर अर्धा सूत वर. खालची बिजागरी आधी आवळली, मग वरची. तू शिकलास तेव्हा बाबा वरची आधी आवळायचे. नंतर त्यांनी बदललं. मला कधी सांगितलं ते आज लिहीत नाही.

मग पट्टी ओढली. पाच ठिकाणी कुरकुरली, दोन ठिकाणी सुटली. पुन्हा ढिलं केलं. चौथ्या दिवशी सातही जागी कुरकुरली. मी दार लावलं. मयूर, तो आवाज तसाच्या तसा आला. पखवाजाच्या डाव्या बाजूवर कणीक लावून तळहात ठेवावा तसा. राकेशने हात पुसले आणि दार स्वतः एकदा लावून पाहिलं.

काल ते लोक आले. माइकला केसाळ टोपडं घातलेलं. चाळीत सगळ्यांनी मिक्सर, टीव्ही, पंखे बंद केले. राकेश जिन्यावर उभा राहून "सायलेन्स!" ओरडत होता आणि तोच आवाज दोनदा रेकॉर्ड झाला. चाळीस वेळा दार लावून घेतलं त्यांनी. दुसरं कोणी लावू नये म्हणून मीच लावलं. दंड अजून दुखतोय.

निघताना श्रेयाला विचारलं, आता गाडीचं दार असंच बसवणार ना? ती म्हणाली, "काकू, एक्झॅक्टली हाच आवाज येणार. प्रॉमिस." मी सही केली. तुझ्या सहीशेजारीच जागा होती.

आई


लालबाग, ६ मे २०२४

मयूर,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

बाबा गेले त्या वेळी तू मला विचारलं होतंस, येऊ का? मी फोनवर सांगितलं, नको, बाबांनी तुला बघायचं नाही म्हणून सांगितलंय. तू दहाव्याला आलास, जिन्यात उभा राहिलास, जेवला नाहीस आणि गेलास. तेव्हापासून तू आला नाहीस आणि मी लोकांना सांगत आले की मुलगा कंपनीचा झाला.

बाबांनी तसं म्हटलं नव्हतं.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ते चांगले शुद्धीवर होते. परळच्या त्या वॉर्डात खिडकीशी कॉट होती. कागदाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "सही करणारे रग्गड होते गे. पण तेका दार येता. ज्येका येता तेणां करूक नको होती." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मयूराक बोलव. तेचो हात माझ्यापेक्षा बरो. तेका सांग, खालची बिजागरी आदी आवळ, मगे वरची. माका उशिरान कळला." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "बोलवलंस?" मी म्हटलं, रजा मिळत नाही म्हणाला. त्यांनी मान हलवली. त्या कंपनीत रजा मिळत नाही हे त्यांना पटलं. तिसऱ्यांदा विचारायला ते उरले नाहीत.

मी असं का केलं? दार खातं बंद झालं तेव्हापासून नऊ वर्षं ते त्या गॅलरीत बसून ते एकच दार बसवत होते, काढत होते, पुन्हा बसवत होते. चांगलं बसलेलं दार. मी आतून ऐकायची. मला कोणावर तरी रागवायला हवं होतं. कंपनीला तोंड नव्हतं. आज एक साहेब, उद्या दुसरा, परवा मालकच तिसरा. तुला तोंड होतं, माझ्यासारखंच. म्हणून तुझ्यावर रागावले.

सही चुकीची होती, हे ते शेवटपर्यंत म्हणत होते, तेही लपवत नाही. पण तू नको असं ते म्हणाले नाहीत. ते मी म्हणाले, त्यांच्या तोंडून.

तुझा बाप तुला भेटायचं म्हणत गेला आणि मी तुला सांगितलं की तो तुला टाकून गेला. यावर माफी कशी मागतात ते एवढी पुस्तकं वाचून मला कुठे मिळालं नाही.

आता येऊ नकोस म्हणत नाही, ये म्हणायला तोंड नाही. दार बसलेलं आहे. चाळ हलेपर्यंत आहे.

शांता परब


लालबाग, १४ ऑक्टोबर २०२४

मयूर,

मे महिन्यात तुझा मेसेज आला होता. "पत्र मिळालं." गोदामात माल पोचला की असाच शेरा मारतात ना? तरी मी तो पुसलेला नाही. मिळालं एवढं तरी कळलं.

परवा दसऱ्याला पेपरात पानभर जाहिरात आली. इंग्रजीत नावातले स्वर गाळून टाकलेत, त्यामुळे ते वाचायचं कसं हे राकेशच्या मुलीलाही सांगता येईना. खाली मराठीत "तोच आवाज. तोच विश्वास." मासा नाही. मी त्या जाहिरातीची बोटभर पट्टी कापली, पिशवीत घातली आणि राकेशला म्हटलं, चल.

शोरूम कुठे आहे तुला माहीत असेलच. कॉटन ग्रीनला, आपल्या जुन्या फॅक्टरीच्या जागेवर जो टॉवर झालाय त्याच्या तळमजल्यावर. दार खात्याची शेड साधारण तिथेच यायची, जिथे आता झाडांच्या कुंड्या आहेत. मी कुंड्यांशी थोडी थांबले. राकेश म्हणाला, "चल काकी, वॉचमनला वाटेल झाडं चोरतेस."

गाडी मोठी आहे. उंच. गोल नाही. दुसऱ्या देशात याच अंगाची गाडी दुसऱ्या नावाने विकतात, असं तिथल्या सेल्समनने अभिमानाने सांगितलं. भला मुलगा होता, मला खुर्ची दिली. मी म्हटलं, बसायला नाही आले, दार लावायला आले.

लावलं. आणि बाबांचं दार वाजलं. मयूर, हुबेहूब. राकेशने टोपी काढली.

मग मी पट्टी काढली. रबराशी धरली, दार लावलं, ओढली. पाण्यातून काडी काढावी तशी आली. वाटलं, माझा हात चुकला. पुन्हा धरली. पुन्हा तशीच. तिसऱ्यांदा सावकाश लावत गेले, आत लक्ष ठेवून, तर पुढच्या फळीवर लाल दिवा पेटलेला होता. दार अजून चार बोटं उघडं होतं. आणि आवाज येऊन गेला होता.

मी सेल्समनला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आजी, दारात स्पीकर आहे ना. सेन्सर थोडा आधी घेतोय, अपडेट येणार आहे. बाकी आवाज बघा ना किती सॉलिड. आमच्या चाकणच्या परब सरांनी स्वतः सेट केलाय. सहा महिने फक्त या एका आवाजावर काम केलं त्यांनी."

राकेश काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात धरला.

दार चांगलं बसलं की आवाज चांगला येतो, एवढंच मला पन्नास वर्षं ठाऊक होतं. दार न बसवता नुसता आवाज बसवता येतो, हे मनातसुद्धा आलं नाही. बाबांच्याही आलं नसतं. मी सही केली ती नमुना दिला म्हणून. बाबा तुझ्यासमोर तीन दिवस दारं बसवत होते तसंच केलं मी, हौसेने.

रडले नाही. एकच गोष्ट मनातून जात नाही. तू सहा महिने चाकणला कानाला ते लावून बसलास. माझ्या हाताने लावलेलं बाबांचं दार तू शंभर वेळा ऐकलं असशील, हजार वेळा. ते बरोबर बसलंय हे पहिल्याच वेळी ओळखलं असशील. इथे येऊन एकदा लावलं नाहीस.

आणि ते माझ्या खोट्यामुळेच, हेही कळतं मला. म्हणून कोणाला काही म्हणता येत नाही.

आई


लालबाग, २८ नोव्हेंबर २०२४

मयूर,

चाळ रिकामी होते आहे. मला शिवडीला तात्पुरती खोली मिळाली आहे, एका माणसापुरती. दार तिथे मावत नाही. श्रेयाला फोन करून विचारलं, कंपनीला दार हवं का, शोरूममध्ये ठेवायला. ती म्हणाली, "अय्यो काकू, आता रेकॉर्डिंग आहे ना आपल्याकडे." राकेशकडे जागा नाही, तो गावी चाललाय.

काल भंगारवाला येऊन घेऊन गेला. दोघं होते. चौकट भिंतीतून काढताना त्यांना अडचण येऊ लागली, म्हणून एकाने दार आधी लावून घेतलं. त्याला काय ठाऊक, नेहमीसारखंच लावलं. मग त्याने दुसऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उघडून लावलं. आणखी एकदा. मला म्हणाला, "मावशी, चांगलं दार आहे की हो." मी म्हटलं, आहे.

आतला पुठ्ठा मी आधीच काढला होता. खडूचा द होता. त्याखाली वाकडातिकडा म होता, दहा वर्षांच्या हाताचा. हे तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पुसला नाही. तसाच गेला.

पाकिटात दोन पट्ट्या घातल्या आहेत, एकाच जाहिरातीतल्या. एक शोरूममधल्या दारातून ओढलेली. दुसरी आपल्या दारातून, काल सकाळी, ते लोक यायच्या आधी. कुठली कोणती ते लिहिलेलं नाही. बोटाने बघ. तुला येतं.

आई